पाठीची माती

मैनुद्दीनला बीडच्या बाजारात लोक टरबूजवाला म्हणून ओळखत आणि उमापूरच्या जत्रेत पहिलवान म्हणून. मी उमापूरचा, त्यामुळे माझ्यासाठी तो पहिलवानच. निजामाच्या अमलात आमच्याकडे जत्रा म्हणजे कुस्त्यांचा फड. ज्याला हे पटत नाही त्याने खुशाल पाळण्यात बसावं, आमची काही तक्रार नाही.

फडाची आमची रीत अशी. शेवटच्या कुस्तीचा गडी एक हात पुढे करून रिंगण फिरतो. ज्याला लढायचं त्याने त्या हातात हात द्यायचा. हात दिला की जोड ठरली, आता एकाच्या पाठीला माती लागल्याशिवाय सुटका नाही. देणाऱ्याला स्वतः लढणं जमत नसेल तर तो बदली गडी उभा करू शकतो, पण बदली लढतो तो हात देणाऱ्याच्या नावावर. हारही त्याची, जिंकल्याचा फेटाही त्याचाच. आणि पाठीला माती लागलेला गडी आधी फडाबाहेरच्या पाण्याच्या रांजणाशी जातो. ती धुतल्याशिवाय तो घरच्यांपुढे जात नाही.

मैनुद्दीनचं दुखणं असं, की त्याच्या हातात हात द्यायला कुणी धजतच नसे. कित्येक जत्रा तो रिंगण फिरला, हात रिकामाच राहिला आणि पंच विठ्ठलरावांनी त्याला बिनकुस्तीचा फेटा बांधला. त्याची बायको आमिनाबी जत्रेत टरबुजं विकायला बसायची. ती म्हणायची, "फेट्यानं पेटी भरली, पन ह्यांचं मन काय भरत न्हाई."

त्याच्या तोलाचा गडी एकच होता, शहादेव. पण तो त्याच तालमीतला, त्याच वस्तादाच्या हाताखाली तयार झालेला. एका तालमीचे दोघं फडात एकमेकांना भिडत नाहीत. मोकळीक देऊ शकला असता तो वस्ताद केव्हाच वारला होता. तालमीत दोघं रोज झटापट करायचे, पण ती मेहनत झाली. कुस्ती वेगळी.

त्या साली मैनुद्दीनचा गुडघा कुरकुरायला लागला होता. जत्रेच्या सकाळी तो माझ्या ओट्यावर बसून म्हणाला, "औंदा कुनी हात दिला न्हाई तर लंगोट खुंटीला. लोक म्हनतील, मैनुद्दीन कदी हारला न्हाई. त्याला लढायलाच मिळालं न्हाई, हे कोन सांगंल?"

हे ऐकत तिथंच बद्रीनाथ बसले होते. हैदराबादच्या विद्यापीठातले, अंगाने काडी आणि वर कोट. गावोगावच्या जत्रा, खेळ आणि त्यांनी माणसं कशी बांधली जातात, यावर त्यांचा प्रबंध चालला होता. असल्या गोष्टींचाही अभ्यास असतो हे ऐकून आमचे लोक आधी हसले आणि मग छाती पुढे काढून फिरू लागले. मीही त्यांतलाच. बद्रीनाथ भले गृहस्थ. सगळं विचारायचे, मध्ये तोंड घालायचे नाहीत. "मी फक्त बघणार. बघणाऱ्याने खेळात पडायचं नसतं," असं त्यांनी मला बजावलं होतं.

दुपार कलली आणि हलगी कडाडली. पोरांच्या नारळाच्या कुस्त्या झाल्या, मधल्या जोड्या झाल्या आणि मैनुद्दीन उतरला. त्याने शड्डू ठोकला तसा माझ्या अंगावर काटा आला. हात पुढे करून तो फिरू लागला. ज्याच्यापुढे तो जाई तो गडी मान खाली घाली. रिंगण संपत आलं, विठ्ठलरावांनी फेट्याची घडी उलगडायला घेतली. मैनुद्दीन आमच्यापुढे आला. त्याचा चेहरा मला बघवेना.

आणि बद्रीनाथांनी हात दिला.

हलगीवाला थबकला, मग असा तुटून पडला की सगळा फड उठून उभा राहिला. टोप्या उडाल्या, शिट्ट्या झाल्या.

"साहेब, हे काय केलंत?" मी म्हणालो.

"राहवलं नाही हो. तो रिकामा हात बघवला नाही."

मैनुद्दीनचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. इतक्या वर्षांनी हात मिळाला तो असा. तो हळूच म्हणाला, "सायब, तुमी पाव्हने. चुकून दिला म्हना, सोडतो."

"दिला तो दिला," बद्रीनाथ म्हणाले. कोट काढून त्यांनी माझ्या खांद्यावर टाकला, मग सदरा. फासळी न् फासळी दिसत होती. हसलं मात्र कुणीच नाही. मला त्या माणसाचा असा अभिमान वाटला की माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात पलीकडून शहादेव उठला. फडाची माती कपाळाला लावून विठ्ठलरावांपुढे उभा राहिला. "म्या सायबाचा बदली."

"आन तालमीची रीत?"

"तालीम भायेर ठिवली. म्या सायबाच्या नावानं उतरतो. पाव्हन्याची लाज ऱ्हायली पायजे."

विठ्ठलरावांनी मिशीवरून हात फिरवायला इतका वेळ लावला, की मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. शेवटी म्हणाले, "सायबाचं नाव, तर कुस्ती सायबाची. लावा जोड."

मैनुद्दीन शहादेवजवळ गेला. "रोजच्यावानी हात राखू नको बे."

"न्हाई राखत."

काय कुस्ती झाली ती! मैनुद्दीनने पट काढला, शहादेव निसटला. शहादेवने मानेवर कब्जा केला, मैनुद्दीनने तो झटकून टाकला. बद्रीनाथ उघड्या अंगाने माझा दंड आवळून ओरडत होते. कुणाच्या नावाने ओरडत होते ते त्यांनाही ठाऊक नसावं. हलगी मागे पडली, लोकांचाच आवाज तेवढा उरला. मग शहादेवने ढाक लावली आणि मैनुद्दीन उताणा पडला.

पुढे काही शहाण्यांनी गुडघ्याचं निमित्त काढलं. मी तिथे होतो. डाव खरा होता.

मैनुद्दीन तसाच पडून राहिला. आम्हाला वाटलं, लागलं. जवळ गेलो तर गडी हसत होता. शहादेव मात्र त्याच्या छातीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडत होता.

फेटा रीतीप्रमाणे बद्रीनाथांचा. मैनुद्दीनने तो स्वतःच्या हाताने बांधला आणि तो साहेबांच्या कानांवर उतरला. प्रबंधात काय लिहिणार म्हणून मी विचारलं, तर ते फेटाच सावरत बसले.

मैनुद्दीन निघाला. रांजण आला तरी तो थांबला नाही. सदरा खांद्यावर टाकून जत्रेतून सरळ टरबुजांच्या ढिगाशी गेला. आमिनाबीने नेहमीसारखा फेट्यासाठी हात पुढे केला. त्याने वळून मातीची पाठ तिच्यापुढे केली.

मग तिने पाठीवर तळवा ठेवला.

"कुनी लावली?"

"शहादेवनं."

"आजच्या दिस धुवू नका," ती म्हणाली आणि ढिगातलं सगळ्यात मोठं टरबूज तिने फोडायला घेतलं.