नणंदबाई येणार म्हणून पुसलेली बुरशी

बायांनो, आज माह्यं डोकंच फिरलं.

आमच्या बेडरूमच्या भिंतीवर बुरशी चढली, अन् दिवाळीपासून मी खोकून राहिली. "कपाट भिंतीपासून सरकवा, ओल्या कपड्यांची दोरी गच्चीवर बांधा, दुपारी तरी खिडकी उघडी ठेवा," असं नवऱ्याले सांगून सांगून थकली. "थंडी येते," एवढंच उत्तर.

उद्या नाताळच्या सुट्टीत नणंदबाई मोर्शीहून येणार. आज सकाळीच नवऱ्यानं कपाट सरकवलं, भिंत पुसली, दोरी वर नेली, खिडक्या सताड उघडल्या.

मी म्हटलं, "काहून? आता नाही येत थंडी?"

"ताईले बुरशी दिसली तं काय म्हणन ते?"

तेवढ्यात मले खोकला आला. तं म्हणतात कसे, "ताईसमोर जास्त खोकू नको बरं!"

कपाट तं सरकलं. हा खोकला कुठं सरकवू, सांगा?