लिस्बनमध्ये कमलताई भांडल्या

मी कणीक मळत होते तेव्हा हॉस्पिटलातून सुनेचा फोन आला. "आई गेली," एवढंच मृणाल म्हणाली. तिची आई म्हणजे माझी विहीण, कमलताई. मी फोन ठेवला, हात धुतले आणि परत येऊन उरलेली कणीक मळून टाकली. घरात माणसं येणार, त्यांना जेवायला लागणार. माणसं आली, अजूनही येतात. सगळी एकच बोलतात... किती शांत होत्या हो, कधी त्यांचा आवाज म्हणून ऐकला नाही. मी चहा देते आणि गप्प बसते. पण आवाज मी ऐकलाय, आणि तो सांगितला नाही तर कमलताई कोण होत्या ते कुणाला कळायचंच नाही.

कमलताईंचा नवरा गेल्यावर मृणालने त्यांना इथे न्यूझीलंडला, फ्लॅट बुशच्या आमच्या घरी आणलं. एकुलती एक लेक, दुसरं कोण बघणार? पण लेकीच्या घरी आईने राहायचं नसतं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. माझा मुलगा नितीन आणि मृणाल गाड्या घेऊन कामाला गेले की एवढ्या मोठ्या घरात आम्ही दोघीच. दूध घ्यायचं तर मला विचारायच्या. मी म्हणायची, "अहो, फ्रिज तुमच्या लेकीने घेतलाय. मला काय विचारता?" त्या हसायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायच्या. थंडीत शाल गुंडाळून बसतील, पण हीटरचं बटण आपण होऊन दाबणार नाहीत. भाजी खारट झाली तरी छान. असं माणूस सांभाळायला सोपं असतं, पण त्याच्याबरोबर राहणं अवघड. समोर कोण बसलंय तेच कळत नाही.

गेल्या वर्षी नितीनला कामासाठी लिस्बनला जायचं होतं. दोन म्हाताऱ्यांना मागे कुणावर सोडणार, म्हणून सगळेच गेलो. भाड्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, खाली उतरलं की रस्ताही चढाचा. माझ्या गुडघ्यांनी त्या शहराला रोज शिव्या दिल्या. तिथे खिडकीबाहेर दोऱ्या असतात, सगळी गल्ली कपडे वाळत घालते. कमलताईंनी साडी धुऊन बाहेर टाकली, तिचं पाणी खालच्या बाईच्या चादरींवर ठिबकलं. ती बाई खिडकीतून मान काढून तिच्या भाषेत ओरडायला लागली. मी आतून धावत आले, तर कमलताई पदर खोचून, अर्ध्या खिडकीबाहेर वाकलेल्या. "मग वाळत घालू कुठे? तुझ्या डोक्यावर? एवढं आहे तर काढ की तुझ्या चादरी!" तोंड लालबुंद. दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा भांडल्या. मला वाटतं, दोघीही वाटच बघत होत्या.

निघायच्या आधी जेवताना नात ईराने विचारलं, "फेव्हरेट सिटी कुठली? एव्हरीवन हॅज टु से." नितीन म्हणाला लिस्बन, तिथल्या ट्रामसाठी; मृणालही लिस्बनच म्हणाली, नदीसाठी. मी म्हटलं, जिथे लिफ्ट आहे ते. कमलताई म्हणाल्या, "मला हेच. इथे भांडता आलं."

मृणालचा चेहरा उतरला. "आई, घरी तुला कुणी गप्प बसवलंय का?"

"नाही गं. घरी सगळे माझ्याशी चांगले वागतात. चांगलं वागणाऱ्यांशी भांडायचं कसं?"

पुढे कुणी जेवलं नाही धड...

परत आल्यावर मी चांगलं वागायचं सोडलं. त्यांच्या चहाला पांचट म्हटलं, त्यांनी घडी घातलेले कपडे उलगडून पुन्हा घड्या घातल्या. त्या म्हणायच्या, "पुन्हा करते हं." मी थकले. मग एका सकाळी आमटी करताना मिठाचा डबा सापडेना.

"कमलताई, मीठ?"

"डावीकडे ठेवलंय."

"ते उजवीकडे असतं."

"असायचं. मी डावखुरी, इतकी वर्षं उकळत्या पातेल्यावरून हात नेतेय. आता तिथेच राहील."

"माझ्या स्वयंपाकघरात?"

"तुमचं एकटीचं आहे का हो ते?"

आवाज असा चढला की ईरा वरून पळत आली. "आर यू गाइज ओके?" मी म्हटलं, जा तू, आम्ही मजेत आहोत.

त्यानंतर त्यांनी दुधाचं कधी विचारलं नाही. पण फार दिवस मिळाले नाहीत. आजार निघाला, आणि मग हॉस्पिटल.

तेराव्याला मदतीला आलेल्या बायकांनी ओटा आवरला आणि मिठाचा डबा उजवीकडे ठेवला. त्या गेल्यावर मी तो उचलून परत डावीकडे ठेवला. माझा हात अजून उजवीकडेच जातो. तिथे काही नसतं. मग पातेल्यावरून हात न्यावा लागतो, वाफ लागते. लागू दे.