लीलामावशीची चूक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायचं ठरवून बसलो की मी कॉम्प्रेसरबद्दलच बोलत सुटतो, आणि बोलता बोलता मूळ गोष्ट राहून जाते — आत्ताही सुरुवात तिथूनच होणार आहे. पण ते सांगितल्याशिवाय पुढचं तुम्हाला कळणार नाही, म्हणून थोडं ऐकून घ्या.

मी बऱ्हाणपूरचा, लोधीपुऱ्यातला. इंजिनियर झालो आणि एका सल्लागार संस्थेत लागलो. वीज कंपनीने आम्हाला नेमलेलं होतं. कारखान्यात जायचं, दाबाची हवा कुठे वाया जाते ते शोधायचं आणि वीज वाचवून दाखवायची. हवा फुकट असते असं सगळ्यांना वाटतं. पण दाबलेली हवा फुकट नसते. ती तयार करायला कॉम्प्रेसर अखंड वीज खात असतो, आणि पाइपाच्या प्रत्येक ढिल्या सांध्यातून ती सूं सूं करत निघून जाते. गळती बंद करा, दाब गरजेपुरताच ठेवा — मालकाचं बिल कमी, वीज कंपनीवरचा भार कमी. चांगलं काम आहे. आजही मला तसंच वाटतं. घाण त्या कामात नव्हती.

त्या वर्षांत आमच्याकडे एका कापडगिरणीच्या शेठने शेजारची गिरणी विकत घेतली आणि दोन्ही गिरण्या जोडायला काढल्या. मधली भिंत पाडली, कामगारांच्या पाळ्या एक केल्या, हवेचे पाइपही एकमेकांना जोडले. दोन्हीकडे मिळून दोन मोठे कॉम्प्रेसर चालत. मी छाती ठोकून सांगितलं की गळती काढली तर एकावर भागेल. वीज कंपनीच्या साहेबांना हे फार आवडलं. इतर गिरणीमालकांना बोलवू, त्यांच्यासमोर एक कॉम्प्रेसर बंद करून दाखवू, असं ठरलं. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर माझं नाव छापलं होतं. लोधीपुऱ्यात आईने ती घरोघरी दाखवली.

लीलामावशीलाही दाखवली. ती आमच्याच गल्लीतली. आई शाळेत शिकवायची, त्यामुळे लहानपणी दुपारी मी मावशीकडेच जेवायचो. नवरा गेल्यापासून ती त्या गिरणीत ब्लीचिंग खात्यात कामाला होती. आवाज असा खणखणीत, की मशीन चालू असतानाही तिची हाक दुसऱ्या टोकाला ऐकू जायची. मी गिरणीत आलो की ती सगळ्यांना सांगायची, "हा आपला पोऱ्या आहे, याले ध्यान द्या." आणि माझ्यासाठी फडक्यात बांधून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणायची.

आता त्या खात्याबद्दल सांगतो. ब्लीचमधून काढलेलं कापड पुढे तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, पाण्यातून काढावं लागतं. तेव्हा थोडा विषारी वायू सुटतोच. तो ओढून घ्यायला त्या पाण्याच्या हौदाच्या वर पंखा आणि धुराडं होतं, आणि धुराड्यात एक झडप होती. ती झडप हवेच्या दाबावर उघडी राहायची. हवा गेली की मिटायची. पंखा मात्र फिरतच राहायचा, त्याचा आवाजही येत राहायचा — खाली उभ्या असलेल्या माणसाला वरची वाट बंद झालीय हे कळायला मार्ग नव्हता.

आणि नेमकी त्याच खात्याकडे जाणारी हवेची लाइन सगळ्यात जास्त गळत होती. पाइप फरशीखालून गेलेला, जुना, कुजलेला. फरशी फोडून तो बदलायचा होता. मी साहेबांना आधीच सांगून बसलो होतो की झालं सगळं. झालं नव्हतं. आदल्या दिवशी एक कॉम्प्रेसर बंद करून पाहिला तर दाब खाली आला आणि तो आपोआप पुन्हा सुरू झाला. उद्या पाहुण्यांसमोर असंच झालं तर?

ती लाइन वापरात नसेल असं मला वाटलं, असं सांगू? गडबडीत लक्षात राहिलं नाही, असं सांगू? कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत होतो. पण ती झडप मीच तपासली होती. हवा गेली की ती मिटते, हे मी स्वतः शिडीवर चढून पाहिलं होतं. त्या दिवशी आत कोण काम करतंय, तेही मला माहीत होतं. सकाळी तिनेच मला फाटकापाशी थांबवून हातात दराबा, आमच्याकडची रव्या-तुपाची मिठाई, ठेवला होता. तो खाऊन मी आत गेलो आणि ब्लीचिंगच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला.

थोड्या वेळाचा तर प्रश्न आहे. चहापाण्याला लोक बाहेर गेले की उघडू. असं मनाशी म्हटलं.

कार्यक्रम छान झाला. एक कॉम्प्रेसर गप्प उभा होता आणि दाबाचा काटा जागचा हलत नव्हता. मालक लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळे चहाला बाहेर आले. मला तेव्हाच जाता आलं असतं. कुणी अडवलं नव्हतं. पण मोठे साहेब चारचौघांत माझं कौतुक करत होते — आणि मला ते ऐकायचं होतं. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर बरं वाटलं असतं का? कुणास ठाऊक. एक माणूस गुदमरत होता आणि मी बिस्किट हातात धरून लाजल्यासारखं हसत होतो.

मग आतून आरडाओरडा झाला. सगळे ब्लीचिंगकडे धावले. मी नाही. मी उलट्या दिशेने पळालो, व्हॉल्व्हकडे. तो उघडला. वायू निघून जावा म्हणून उघडला, असं म्हणता येईल, आणि त्याने निघालाही. पण मी त्यासाठी उघडला नव्हता. कुणी वर पाहिलं तर झडप उघडी दिसावी, म्हणून उघडला होता. दाब पडून बंद ठेवलेला कॉम्प्रेसर लगेच सुरू झाला. त्या गोंधळात तो कुणी ऐकला नाही.

मी पोचलो तेव्हा मावशीला ओढून बाहेर भिंतीला टेकवून बसवलं होतं. डोळ्यांतून पाणी, तोंडाला फेस, खोकता खोकता कमरेत वाकलेली. बाकीच्या बायका दाराजवळ होत्या, त्यांना फक्त ठसका लागला होता. ती हौदावर होती. मॅनेजर आत जाऊन वर बघून आला आणि मला म्हणाला, "झडप तो खुली है ना?"

मी म्हणालो, "खुली है."

"फिर इसी ने तेजाब ज़्यादा डाल दिया होगा."

मी म्हणालो, "हो सकता है."

बस. कुणी धमकावलं नाही, चौकशीला बसवलं नाही. दोन वाक्यांत सगळं माझ्यावरून उतरून तिच्यावर गेलं.

सरकारी दवाखान्यात मी दुसऱ्या दिवशी गेलो. वाटलं होतं, ती विचारेल — काय झालं होतं रे? विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का? नसतं सांगितलं. पण तिने विचारलंच नाही. तिचा तो आवाज पार बसला होता. मला जवळ बोलावून ती कशीबशी म्हणाली, "माझ्याच हातून जास्ती पडलं आसन भाऊ. मले तर बराबर टाकल्यासारखं वाटत होतं, पण सगळे म्हणतात तर आसन. तुझा येवढा मोठा प्रोग्राम, मी खराब केला. बुरा नको मानू."

आणि मी काय केलं? मी तिचा हात हातात घेतला, थोपटला आणि म्हणालो, "जाऊ दे मावशी. होते चूक माणसाच्या हातून."

मी तिला माफ केलं. व्हॉल्व्ह बंद करण्याची, तो चोरून उघडण्याची शिसारी एकीकडे, आणि त्या वाक्याची एकीकडे. ते वाक्य माझ्याकडे कुणी मागितलेलं नव्हतं. ते मी आपणहून म्हणालो, मोठ्या मनाच्या माणसाच्या आवाजात. तिला हायसं वाटलं. तिने डोळे मिटले.

ती वाचली, पण छाती कायमची गेली. गिरणीने तिला कापडाच्या घडी खात्यात घातलं. तिथल्या जिन्याने धाप लागायला लागली, तशी तिने काम सोडलं. फरशी फोडून तो पाइप मी पुढे गुपचूप बदलून घेतला आणि एक कॉम्प्रेसर खरोखरच पुरला. तेव्हा माझं खोटं कुणाला सापडण्याचा प्रश्नच उरला नाही. मला बढती मिळाली. आता मी नव्या इंजिनियरांना शिकवतो, आणि बऱ्हाणपूरच्या त्या गिरणीचं उदाहरण देतो. पोरं वहीत लिहून घेतात.

मावशी अजून आहे. मी सणावाराला जातो. मागच्या खेपेला गेलो तर तिच्या सुनेला एका रंगाई कारखान्यात काम लागलं होतं, दुसऱ्या दिवसापासून जायचं होतं. मावशीने तिला समोर बसवलं आणि तुटक्या, खरखरीत आवाजात, मधे मधे दम घेत, समजावायला लागली — तेजाब टाकताना कुणाशी बोलायचं नाही, मन ठिकाणावर ठेवायचं, घाई करायची नाही. मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "याले विचार. माझ्याच चुकीनं झालं होतं. हा होता तिथं."

सुनेने माझ्याकडे पाहिलं.

मी होकारार्थी मान हलवली.