मोरीतून पुढं

गावानं काल काय खाल्लं, हे बुद्धभूषणला सकाळी पाण्यावरून कळतं. अंबरनाथच्या कडेला सांडपाणी शुद्ध करायचं एक केंद्र आहे, तिथं तो अकरा वर्षं ऑपरेटर आहे. श्रावणी सोमवारनंतर जाळीवर साबुदाणा चिकटतो. गटारीच्या दुसऱ्या दिवशी हाडं आणि पिसं येतात. अलीकडे मात्र वार कुठलाही असो, पाण्यावर तेल असतंच. त्याच्या आजीच्या घरी तेल वाटीनं यायचं, आता घरोघरी डब्यानं येतं. डब्यावर पाम लिहिलेलं असतं. ते समुद्रापलीकडून येतं आणि तिथं त्याच्यासाठी जंगलं तोडतात, असं त्यानं एका ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं. ती जंगलं त्यानं पाहिली नव्हती. तेलाचा शेवट रोज पाहत होता.

यंदा दिवाळीनंतर मोरिवलीच्या वस्तीकडून येणारं पाणी निम्म्यावर आलं. चौथ्या दिवशी त्यानं तिथल्या गल्लीच्या तोंडाचा चेंबर उघडला, तर आत पाणी नव्हतं. थिजलेल्या तेलाची पांढरी भिंत होती. बांबू टोचला तो रुतला आणि आतून कुणी धरून ठेवावा तसा अडकला. ओढून काढला तेव्हा टोकाला आलेला तुकडा कोमट होता. त्यात थर होते. वर पिवळा दिवाळीचा, खाली श्रावणाचा पातळ, त्याखाली गटारीचा जाड. सबंध चातुर्मास त्यात होता. खाली ती भिंत संथपणे पुढं येत होती, मागं जात होती. मागचं पाणी ढकलतंय, एवढंच. तरी त्यानं झाकण घाईनं लावलं.

"पाणी मारायची मोठी गाडी गल्लीत शिरत नाही," इंजिनीअर देवदत्त म्हणाले. "छोटी बदलापूरला आहे, चार दिवस मिळायची नाही. ठेकेदार उद्या दहाला माणूस सोडतो म्हणतोय."

"साहेब, माणूस उतरवायला बंदी आहे."

"मला काय सांगतोस? लोकांच्या न्हाणीघरात घाण उलटी आलीय, त्यांना जाऊन सांग."

बुद्धभूषणचे वडील शंकर असेच चेंबरमध्ये उतरायचे. एकदा उतरले ते स्वतःच्या पायांनी वर आले नाहीत.

"आजचा दिवस द्या," तो म्हणाला. "हा तेलाचा गोळा कुठून सुरू होतो ते सापडलं, तर वरूनच फोडता येईल."

त्याला आधी हॉटेलवाल्याचा संशय आला, पण तिथला चेंबर वाहता होता. फरसाणवाला तर हसलाच. "अरे साईं, जला हुआ तेल बिकता है! गटर में कौन डालेगा?"

"कौन लेता है?"

"आदमी आता है, ले जाता है. आगे का हमको क्या पता."

तो एकेक झाकण उचलत चढावर गेला. पाचव्या चेंबरशी वळण लागलं आणि तो स्वतःच्या गल्लीत आला. सहाव्याचं झाकण उचललं. ओव्याचा वास आला. शाळेत असताना त्याच्या शर्टाला यायचा, तोच.

त्याची आई चांगुणा एमआयडीसीच्या गेटवर दोन्ही पाळ्यांना भजी विकते. ती घरी पीठ भिजवत होती.

"आई, उरलेलं तेल कुठं टाकतेस?"

"मोरीत. मागून उकळतं पाणी अन् साबण. मोरी कशी लख्ख हाय, हात लावून बघ."

"मग जातं कुठं?"

"पुढं."

"पुढं म्हणजे कुठं?"

"पुढं म्हंजे पुढं! पाण्याचा साहेब तू का मी? ह्याच तेलावर शिकलास, आता वास येतो काय रं?"

त्यानं कागदात आणलेला तुकडा तिच्यापुढं ठेवला. तिनं वास घेतला, बोटानं दाबला. बोट तसंच ठेवून बसली.

"वरून फोडायला गाडी नाही. ह्याच्यात उद्या माणूस सोडणार आहेत," तो म्हणाला. "दहाला."

तिनं भिजवलेल्या पिठावर ताट झाकलं. त्या दिवशी गेटवर भजी गेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी दहाला ती गल्लीच्या तोंडाच्या चेंबरवर पाट टाकून बसली होती. झाकणाखाली काहीतरी गुळगुळ वाजत होतं. दोर घेऊन आलेला माणूस बिडी ओढत लांब उभा राहिला.

"मावशी, उठा," ठेकेदार म्हणाला.

"तेल माझं हाय. आधी मला सोड, मंग त्याला."

अकरा वाजले, बारा वाजले. देवदत्तांनी गाडीसाठी बदलापूरला तीनदा फोन केला. चार दिवस मिळणार नव्हती ती छोटी गाडी चार वाजता आली. सहाव्या चेंबरमधून पाण्याचा मारा केला, तेव्हा गोळा फुटला. पांढरे तुकडे अंधार पडेपर्यंत बाहेर येत होते. दोर वापरावा लागला नाही.

तिसऱ्या दिवशी चांगुणा गेटवरून परतली. सवयीनं कढई घेऊन मोरीशी गेली आणि थांबली.

"फरसाणवाल्याकडं देऊ," बुद्धभूषण म्हणाला. "तो विकतो."

"कोणाला?"

"माणूस येतो, घेऊन जातो. पुढं," तो म्हणाला. ती कढई धरून तशीच उभी राहिली. मोरीच्या जाळीतून एक बुडबुडा वर आला, फुगला आणि फुटला. ओव्याचा वास आला.