कॅन्ससची पेटी

टेसी मॅरिस कधी खोटं बोलली नाही, आणि त्याचा ताप सगळ्या वस्तीला होता. ब्यूला शार्पलेसनं एकदा प्रार्थनेची सभा सुटल्यावर मोठ्या हौसेनं तिला विचारलं, "नवी टोपी कशी दिसते गं मला?" तर ही बया म्हणते, "टोपी ठीक आहे, ब्यूला. डोकं मोठं आहे." आता आम्हा क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती लोकांत खरं बोलणं हा धर्मच. कोर्टात आम्ही शपथसुद्धा घेत नाही, कारण शपथ घेतली म्हणजे एरवी खोटं बोलतो असा अर्थ निघतो. पण खरं बोलताना माणसानं जरा समोरच्याच्या तोंडाकडे बघावं की नाही? टेसी नाही बघायची.

वय अठ्ठावन्न, लग्न केलेलं नाही. थोरल्या भावाच्या, जोअबच्या, घरी राहायची. जोअबची बायको वारल्यापासून चूल, दूधदुभतं, कोंबड्या, सगळं तिच्याच अंगावर. जोअब सभेत पुढच्या बाकावर बसणारा, सगळ्यांनी मानलेला माणूस. त्याचा मुलगा बार्कले पंचविशीचा, कामाला वाघ आणि बोलायला मुखदुर्बळ. या तिघांचं ते घर. पेन्सिल्व्हेनियातलं आमचं गाव तसं सुखवस्तू, दगडी कोठारं आणि सफरचंदांच्या बागांचं.

टेसीची धाकटी बहीण फीबी मात्र दहा वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर, एलमबरोबर, कॅन्ससला गेली होती. जोअबनं तेव्हा एलमला बजावलं होतं, "जाऊ नकोस. सभेत कुणालाच हे बरं वाटत नाहीये." एलम म्हणाला, "मला वाटतंय." आणि गाडी जुंपून गेला. तेव्हापासून जोअबच्या मनात एक अढी बसली ती बसलीच. तो कधी बोलून दाखवायचा नाही, पण फीबीचं पत्र वाचताना एलमचं नाव आलं की खिडकीबाहेर बघायचा.

दरवर्षी नवव्या महिन्यात टेसी कॅन्ससला पेटी पाठवायची. आम्ही महिन्यांना नावं देत नाही, आकडे देतो. नववा महिना म्हणजे पहिली थंडी पडायच्या आधी. पेटी भरायची म्हणजे सोहळाच. आधी फीबीकडून पत्रातून दोरे यायचे. तिला पाच मुलं. प्रत्येकाचा एक दोरा, खांद्यापासून टाचेपर्यंत मापून तोडलेला. थोरल्या एनॉसच्या दोऱ्याला एक गाठ, मार्थाच्या दोऱ्याला दोन, जेसीच्या तीन, रूथच्या चार, आणि शेंडेफळाच्या दोऱ्याला पाच. हे शेंडेफळ तीन वर्षांचं, आणि तिचं नाव मावशीवरूनच टेसी ठेवलेलं. मावशीनं या पाचांतल्या चौघांचं तोंडसुद्धा पाहिलेलं नव्हतं. पण गेल्या वर्षीचे दोरे ती जपून ठेवायची, नव्या दोऱ्यांना लावून बघायची आणि चुलीपाशी एकटीच म्हणायची, "बाई बाई, जेसी चार बोटं वाढला की!"

कपडे झाले की पत्र. त्यासाठी ती घरोघर फिरायची. कोण आजारी, कुणाला मूल झालं, कुणाची गाय आटली, सगळं विचारून घ्यायची. लोक तिला टरकून असायचे, कारण सांगाल ते जसंच्या तसं कॅन्ससला जायचं. शेजारच्या एका म्हाताऱ्यानं एकदा सांगितलं, "माझी कंबर बरी आहे म्हणून लिही." टेसी म्हणाली, "तू आत्ता उठताना तीनदा विव्हळलास. मी तीनदा असं लिहीन." मग तो म्हातारा वर्षभर तिच्यावर रुसून होता. पत्र तयार झालं की जोअबला वाचून दाखवायचं, त्यानं मान डोलावली की पेटीत सगळ्यात वर ठेवायचं.

आता अठराशे चौऱ्याहत्तर सालाचं सांगतो.

त्या वर्षी आठव्या महिन्यात फीबीचं पत्र आलं. दोरे होते, पण मजकूर नेहमीचा नव्हता. टोळधाड आली होती. मका गेला, गहू गेला, कांदे तर जमिनीतून कोरून खाल्ले. दोरीवर वाळत घातलेले कपडे खाल्ले, खिडकीचा पडदा खाल्ला. एलमला खोकल्यानं धरलं होतं. आणि शेवटी लिहिलं होतं, "जोअबला विचार, ओढ्यापलीकडचं छोटं घर रिकामं असेल तर आम्ही सातजण यावं का. शेजारी दहाव्या महिन्याच्या विसाव्या तारखेनंतर गाड्या घेऊन पूर्वेला परत निघणार आहेत, त्यांत आम्हांला जागा आहे. उत्तर पेटीतून आलं तरी वेळेवर पोचेल. पण उत्तर आल्याशिवाय आम्ही निघणार नाही. न बोलावता दारात येऊन उभं राहणं एलमला जमणार नाही, आणि खरं सांगते, मलाही नाही."

टेसीनं हे जेवणाच्या टेबलाशी मोठ्यानं वाचलं. जोअबनं काटा खाली ठेवला.

"बसू या," तो म्हणाला.

बसू या म्हणजे गप्प बसू या. आमच्यात मोठा निर्णय मतं मोजून होत नाही. सगळ्यांनी शांत बसायचं, आतला उजेड काय दाखवतो ते बघायचं, आणि सगळ्यांना एकच दिसलं तरच पाऊल उचलायचं. चांगली रीत आहे, मी काही तिला नावं ठेवत नाही. पण जोअबला उजेड मिळायला फार वेळ लागायचा. गाय विकत घ्यायला दोन आठवडे, कोठाराच्या छपराला एक हिवाळा.

अर्ध्या तासानं तो म्हणाला, "मला काही स्पष्ट झालेलं नाही."

बार्कले म्हणाला, "मलाही." मग कान लाल करून पुढे म्हणाला, "वसंतात आमचं लग्न झालं की लिडिया त्या घरात यायची आहे. तिचे पडदे शिवून झालेत."

"फीबीचे टोळांनी खाल्लेत," टेसी म्हणाली.

"टेसी!" जोअब म्हणाला.

"खोटं बोलले का मी? मला तर पत्र वाचतानाच स्पष्ट झालं. या म्हणावं त्यांना."

"एकट्या तुला होऊन भागत नाही. घर तिघांचं आहे. घाईनं बोलावलं आणि मग इथे सात माणसांची तोंडं सात दिशांना झाली, तर ते पाप कुणाच्या माथी? थोडं थांबू."

थांबले. दर पहिल्या वारी, म्हणजे रविवारी, सभेहून आल्यावर तिघं पुन्हा बसायचे. जोअब डोळे मिटायचा, बार्कले बुटांकडे बघायचा, टेसी जोअबकडे बघायची. आणि दर वेळी तेच, "अजून नाही." तो दुष्ट नव्हता हो. तो मनापासून वाट बघत होता. हेच तर माझ्या घशाखाली उतरत नाही. दुष्ट असता तर टेसी त्याच्याशी भांडली तरी असती.

नवव्या महिन्यात पेटी भरायची वेळ आली. त्या वर्षी टेसीनं बोटं फुटेस्तोवर शिवलं. राखाडी लोकरीचे कोट, जाड मोजे, मुलींचे झगे, एलमला छाती झाकणारा दुहेरी सदरा, फीबीला तपकिरी झगा. पत्र चार पानी झालं. शेवटी तिनं लिहिलं होतं, "घराबद्दल आम्ही अजून वाट बघतो आहोत."

जोअब म्हणाला, "हे काढ. यातून तिला काय कळणार? उगीच आशा लागेल, नाहीतर उगीच तुटेल. स्पष्ट झालं की लगेच टपालानं कळवू."

"विसाव्या तारखेच्या आत होईल का स्पष्ट?"

"ते माझ्या हातात आहे का?"

तिनं ती ओळ खोडली आणि सगळं पान पुन्हा लिहिलं, खाडाखोड दिसू नये म्हणून.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. फीबी लहानपणी वसतिगृहाच्या शाळेत होती. तिथल्या बाई मुलींची पत्रं उघडून वाचायच्या. म्हणून टेसी घरून झगा पाठवताना त्याच्या काठाच्या दुमडीत एक कागदाची पट्टी शिवून टाकायची. 'ढवळीला वासरू झालं.' 'आई तुझ्यावर रागावलेली नाही.' असलं काहीबाही. फीबी दुमड उसवून वाचायची आणि परत शिवायची. तीस वर्षं झाली त्याला.

पेटीला खिळे मारायच्या आदल्या दिवशी दुपारी, जोअब आणि बार्कले शेतात असताना, टेसीनं कागदाची एक पट्टी कापली. तिच्यावर एकच शब्द लिहिला, 'या'. तपकिरी झग्याचा काठ दोन बोटं उसवला, पट्टी आत सरकवली, टाके घातले. झगा घडी करून पेटीत ठेवला आणि ती भाकरीचं पीठ मळायला गेली. म्हणे, त्या संध्याकाळी ती चक्क गुणगुणत होती. आमच्यात गाणं नाही, त्यामुळे ते लोकांच्या लक्षात राहिलं.

सकाळी ती उठली आणि तिला स्वस्थता म्हणून लाभेना. घर तिचं एकटीचं नव्हतं. सात माणसं हजार मैल तुडवून येणार, आणि जोअब दारात उभा राहून म्हणणार, मी कधी बोलावलं? म्हणजे तिनं लिहिलेला तो शब्द खोटा ठरणार. साऱ्या आयुष्यातला पहिला खोटा शब्द, आणि तोही फीबीला. बार्कले हातोडी घेऊन आला तेव्हा ती म्हणाली, "जरा थांब." झगा बाहेर काढला, टाके उसवले, पट्टी चुलीत टाकली आणि काठ पुन्हा शिवला.

"काय राहिलं होतं?" बार्कलेनं विचारलं.

"एक टाका चुकला होता," ती म्हणाली. तिच्या हिशेबी ते खरंच होतं.

पेटी गेली. दहावा महिना गेला, अकरावा गेला. कॅन्ससहून पोच आली नाही. टेसी रोज टपाल येतं त्या दुकानापर्यंत चालत जायची. ब्यूला शार्पलेस धीर द्यायला म्हणाली, "अगं, बर्फानं रस्ते बंद असतील. सगळी धडधाकट असतील बघ."

"तुला माहीत नाही, ब्यूला," टेसी म्हणाली. "माहीत नसलेलं कशाला बोलतेस?"

नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात, एका सकाळी गाईंची धार काढून आलेला जोअब दूध खाली न ठेवताच म्हणाला, "टेसी, मला स्पष्ट झालं. त्यांना येऊ दे. बार्कले आणि लिडिया इथे आपल्याजवळ राहतील, मी बोललोय त्याच्याशी." त्याचे डोळे भरून आले होते. एवढ्या महिन्यांचं ओझं उतरल्यासारखा तो दिसत होता. टेसीनं हातसुद्धा पुसले नाहीत. तशीच बसली आणि पत्र लिहिलं. त्यात गाईगुरांच्या, कंबरेच्या बातम्या नव्हत्या. 'या. घर तुमचं आहे,' एवढंच. मग ओढ्यापलीकडचं घर झाडून काढलं, सात जणांची अंथरुणं घातली.

उत्तर तिसऱ्या महिन्यात आलं. फीबीचंच अक्षर, पण बारीक. पाकिटातून आधी दोरे पडले. टेसीनं ते टेबलावर ओळीनं लावले. एक गाठ. दोन गाठी. चार गाठी. पाकीट उलटं करून झटकलं, आत बोट घालून बघितलं. मग पत्र उघडलं.

"टेसी, तुझं पत्र मिळालं. जोअबला सांग, त्याचे उपकार आहेत, पण आता आम्ही येत नाही. अकराव्या महिन्यात इथे घटसर्प आला. जेसी आणि धाकटी टेसी गेली. त्यांना इथे सोडून एलम कुठे जायला तयार नाही, आणि आता तो उठतही नाही.

पेटी दहाव्या महिन्याच्या एकोणिसाव्या तारखेला पोचली. पत्र मी तीनदा वाचलं. त्यात आमच्याबद्दल काही नव्हतं. मग मला शाळेतलं आठवलं. मी सगळे कपडे उसवले. कोटांची अस्तरं, झग्यांचे काठ, सदऱ्याच्या पट्ट्या. एलम म्हणाला, वेडी झालीस का? गाड्या आमच्यासाठी दोन दिवस थांबल्या, मग गेल्या. कपडे मी पुन्हा शिवलेत, पण तुझ्यासारखे जमले नाहीत.

एक विचारायचं आहे. माझ्या तपकिरी झग्याच्या काठाला दोन बोटं जागेत सुईची भोकं दुहेरी आहेत. तुझा हात मी ओळखते, तू दोनदा शिवत नाहीस. तिथे काही होतं आणि तू ते काढलंस असं मला वाटतं. ते काय होतं? तू खरं सांगशील म्हणून तुलाच विचारते."

जोअब बाहेरून आला. "काय म्हणते फीबी? कधी निघताहेत?"

टेसीनं टेबलाकडे बोट केलं. त्यानं टेबलावरचे दोरे बघितले, गाठी मोजल्या, आणि तिथल्या तिथे खुर्चीत बसला.  मग त्याच्या तोंडून सवयीनं निघालं, "बसू या जरा."

"नको," टेसी म्हणाली. "बसलो तेवढं पुरे झालं."

तिनं दौत ओढली, कागद घेतला. लेखणी बुडवली, ती वाळली, परत बुडवली. बार्कले जेवायला आला आणि त्या दोघांची तोंडं बघून तसाच माघारी गेला. एखादं बरं खोटं तिला त्या दिवशी सुचलं असतं तर मी तिला देव मानलं असतं. म्हणायचं, धागा तुटला होता, डोळे अधू झालेत. पण सारा जन्म जे केलं नाही ते अठ्ठावन्नाव्या वर्षी कुठून जमणार? दुपारी ब्यूलाची गाडी टपालाच्या दुकानाकडे निघाली, तेव्हा पत्र तयार होतं. त्यात वर फीबीचं नाव होतं, खाली तिचं, आणि मधे एक ओळ.

"तिथे 'या' असं लिहिलेलं होतं."