बैलबाजारातली हिंदी

हिंगोली जिल्ह्यात जन्मून, साठी उलटल्यावर, ‘हिंदी अजिबात येत नाही’ असं लिहून देऊन विद्यापीठाच्या पहिल्या पायरीच्या हिंदी वर्गात नाव घालणारा माणूस आजवर एकच झाला, आणि ते माझे मामा. आमच्याकडे हिंदी कुणी शिकत नाही. टपरीवर, बसस्टँडवर, पंक्चरच्या दुकानात ती धुळीसारखी आपोआप अंगाला लागते. मामांची तर अशी की, ते आपल्या गावी, शिरड शहापुरात, बोलू लागले की शेजारच्या गावची कुत्री उठून बसायची. पण ती सगळी बैलबाजारातली. उभा जन्म त्यांनी बैलांची दलाली केली, आणि हळू बोलणाऱ्याच्या गळ्यात म्हातारा बैल पडतो, यावर त्यांची श्रद्धा होती.

अडलं ते नातीपाशी. मुलगा कानपूरला नोकरीला, सून तिकडचीच, आणि सहा वर्षांच्या नातीला मराठीचा गंध नाही. मामा फोनवर अगदी जीव ओतून विचारायचे, “क्या गे, खाना खायी क्या?” आणि पलीकडे ती भोकाड पसरायची. एकदा तिने आईला विचारलेलं मामांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं, “दादाजी मुझे हमेशा डाँटते क्यों हैं?” त्यानंतर ती फोनवर येईना. मामांनी अन्न सोडलं असं मामी सांगते. अर्थात पोहे आणि भजी ती अन्नात धरत नाही. मग एके सकाळी मामा हिंगोलीला आमच्या कॉलेजात हजर. मी तिथे भूगोल शिकवतो आणि विद्यापीठाचा तो वर्ग आमच्याच इमारतीत भरतो. मी म्हणालो, “मामा, तुमाला काहून पायजे हा वर्ग? तुमी तर हिंदीतच भांडता.” मामा म्हणाले, “भांडायची येते रे. मला जवळ बसवायची पायजे. उन्हाळ्यात लेकरू येऊन राहिलं.” त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. मी अर्ज आणायला उठलो.

वर्गात केरळच्या दोन नर्स, तमिळनाडूहून बदलून आलेले बँकेचे एक साहेब आणि खांद्यावर टॉवेल टाकलेले मामा. पहिल्या चाचणीत मॅडमनी त्यांना वीसपैकी बारा गुण दिले. पहिला भाव घ्यायचा नसतो, हे मामांच्या रक्तातच. ते उठून निघाले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन म्हणाले, “मॅडम, सोला में सौदा करो. चलो, तुमारा भी नै, मेरा भी नै, चौदा.” मॅडम हसू आवरता आवरता चौदा देऊन बसल्या. पुढच्या चाचणीपासून बँकेचे साहेबही आपला पेपर गुणांचा भाव करायला मामांच्याच हाती देऊ लागले. घरी सराव चालायचा गोठ्यात. “कृपया थोड़ा उधर सरकिए,” असं मामा बैलाला हळुवारपणे सांगत आणि बैल ढिम्म उभा राही. मामी मागून येऊन “सर्क रं!” म्हणाली की तो भिंतीला चिकटे. “साठी बुद्धी नाठी म्हंत्यात ते खोटं न्हाई,” असं वर ती मलाच सुनावायची.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक गंभीर सर आले. ते झाले फळवाले, मामा झाले गिऱ्हाईक. आंब्याचा भाव करून दाखवायचा होता. मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, सरांच्या हातावर टाकला, त्याखाली त्यांची दोन बोटं धरून दाबली आणि डोळा मिचकावला. बैलबाजारात भाव असाच होतो, टॉवेलाखाली, बोटांनी. चारचौघांत आकडा बोलणं म्हणजे अडाणीपणा. सरांनी विंचू चावल्यासारखा हात ओढला. “बात कीजिए!” ते ओरडले. “वोच तो कर रहा,” मामा म्हणाले. ते नापास झाले. इथे घासाघीस चालली नाही. बसस्टँडवर गावी परतायला औंढ्याच्या गाडीची वाट बघत ते म्हणाले, “आता लेकराशी काय बोलू रे?”

उन्हाळ्यात नात आली आणि आईच्या पदराआड उभी राहिली. मामांनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, “आइए बेटी, बैठिए.” आवाज इतका हळू, की तिला ऐकूच गेलं नसावं. ती हलली नाही. मामांचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात गोठ्यातून शेळीचं करडू उड्या मारत आलं. पोरीचे डोळे मोठे झाले. “ये कितने का है?” तिने विचारलं. भाव विचारल्यावर मामा थोडेच गप्प बसणार! सवयीने त्यांनी टॉवेल हातावर पसरला आणि पुढे केला. पोरगी पदर सोडून आली, इवलासा हात तिने टॉवेलाखाली घातला. मामांनी आत तिचं बोट दाबून दाखवलं. मग तिने त्यांचं बोट दाबलं, मामांनी मान हलवली. पुन्हा दाबलं, पुन्हा नकार. ती खुदखुदत त्यांच्या मांडीवरच चढली. शेवटी करडू तिला एका पापीत सुटलं. इतक्या तोट्याचा सौदा मामांनी जन्मात केला नव्हता.

सुट्टी संपली, ती कानपूरला परतली, करडू मामांकडेच राहिलं. परवा मी शिरडला गेलो तेव्हा तिचा व्हिडिओ फोन आला होता. पलीकडे तिने रुमाल पसरून त्याखाली हात घातला होता. अलीकडे मामा टॉवेलाखाली दोन बोटं धरून बसले होते. मामी म्हणाली, “अवो, फोनात तुमचं बोट कोन दाबून राहिलं?” मामांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. “भाव चालू हाय,” ते हळूच म्हणाले, “मधी बोलू नको.”