कपाळावरची हद्द

छत्तीस वर्षं जमिनी मोजणाऱ्या माणसाला टोपी म्हणजे अडचणच. दुर्बिणीला डोळा लावायला वाकलं, की टोपीची पुढची कड नळीवर आपटते. म्हणून मोजणीदार टोपी उलटी घालत. मानेला सावली आणि कपाळाला ऊन, असं वर्षानुवर्षं चाललं. त्यातूनच त्यांच्या कपाळावर चार खरखरीत चट्टे उठले.

"हा कॅन्सर नाही, पण त्याच वाटेवरचा आहे," त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे मलम चार आठवडे, सकाळ-संध्याकाळ, पूर्ण कपाळाला लावायचं. कातडी लाल होईल, सोलेल. घाबरून थांबू नका, काका."

दहाव्या दिवशी कपाळाची आग आग झाली. चट्टे लाल झाले ते ठीक. पण डाव्या भुवईवरची चांगली दिसणारी कातडीही लालबुंद! हे मोजणीदारांच्या हिशेबात बसेना. मलम हद्दीबाहेर पसरतंय, अशी त्यांची खात्री पटली. आरशासमोर बसून त्यांनी प्रत्येक चट्ट्याभोवती पेनाने रेघ आखली आणि काडीच्या टोकाने फक्त आत मलम लावायला सुरुवात केली.

"अहो, बाईंनी पूर्ण कपाळ सांगितलं होतं ना?" बायकोने टोकलं.

"दुसऱ्याच्या प्लॉटात खुंट्या ठोकायच्या नसतात."

"कपाळ तुमचंच ना? त्यात दुसरा कुठून आला?"

मोजणीदार हसले. भुवईवरची लाली चार दिवसांत ओसरली, तसं बायकोचंही तोंड बंद झालं. महिना संपला, चट्टे गळून पडले, खाली गुलाबी कातडी आली. पुढे दोन महिन्यांनी दाखवायला जाताना स्वारी खुशीत होती.

डॉक्टरीणबाईंनी कपाळावरून बोट फिरवलं. डाव्या भुवईवर ते थांबलं. तिथे तांदळाएवढी टणक गाठ होती. दाबल्यावर मोजणीदार कळवळले.

"इथे मलम लावलं नाहीत?"

"तिथे चट्टा नव्हता."

"दिसत नव्हता, काका. बिघाड आत होता. मलमाने तो दाखवून दिला, म्हणून तर तिथे लाल झालं." बाईंनी कागद पुढे ओढला. "आता हे नुसत्या मलमावर सोडता येणार नाही. तुकडा काढून तपासायला पाठवते. जखम भरली की बाकीच्या कपाळाला पुन्हा मलम. पूर्ण कपाळाला."

तुकडा काढला, दोन टाके पडले. रिपोर्ट आठ दिवसांनी मिळणार होता.

"काय निघेल हो?" जिना उतरताना बायकोने विचारलं.

लोकांच्या जमिनी इंचाइंचाने सांगणाऱ्या माणसाने खिशात हात घातला. मलमाची नवी ट्यूब काढून त्यांनी तिच्या हातात ठेवली.

"या वेळी तू लाव. माझ्यावर सोडू नकोस."

बाहेर रणरणतं ऊन होतं. सवयीने त्यांनी टोपी उलटीच घातली होती. बायकोने भर फुटपाथवर त्यांना थांबवलं आणि भुवईवरच्या पट्टीला धक्का लागू न देता टोपी सरळ केली.